‘हा तर बोलतो की!’

सिव्हिल हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, दिव्यांग बोर्डाच्या खोलीबाहेर आम्ही सकाळी आठपासून बसलो होतो. बोर्ड ठरावीक वारीच भरतं, त्यामुळे सगळ्या तालुक्यांतून माणसं आलेली. कोणी कुबड्यांवर, कोणी म्हाताऱ्या वडिलांना पाठीवर घेऊन. माझ्या मुलाला ऑटिझम आहे, तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. खडखडणारा पंखा, पुकारली जाणारी नावं, रडणारी बाळं यांच्यात त्याने पाच तास दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून काढले. दीड वाजता आमचं नाव आलं. आतली खोली शांत होती आणि भिंतीवर आगगाडीचं चित्र असलेलं कॅलेंडर होतं. त्याने कानांवरचे हात काढले.

“बाळा, नाव काय तुझं?” डॉक्टरांनी विचारलं. त्याने नाव सांगितलं. “कुठून आलास?” यावर तो कॅलेंडरकडे बघत म्हणाला, “दादर, ठाणे, कल्याण, कर्जत, लोणावळा, शिवाजीनगर, पुणे.” एका दमात, गाडीतल्या घोषणेच्या चालीत. आम्ही यातल्या कुठल्याच गावाहून आलो नव्हतो. डॉक्टर मनापासून हसले. “हा तर बोलतो की! चांगला हुशार आहे. याला कशाला हवा दाखला?” पाच मिनिटांत आम्ही बाहेर होतो. खिडकीतल्या कारकुनाने केसपेपर परत देताना सांगितलं, “मॅडम, टक्क्यात नाही बसत.” हातात लेखी काहीच मिळालं नाही.

त्याच महिन्यात त्याची दाढ किडली होती. ती दुखते आहे हे त्याने आम्हाला सांगितलं नाही. तीन दिवस तो स्वतःचं मनगट चावत होता आणि रात्री दोनला उठून भिंतीला कपाळ टेकून उभा राहत होता. गाल सुजला तेव्हा आम्हाला कळलं. बोर्डाच्या खोलीत त्या मनगटावरच्या दातांच्या खुणा ताज्या होत्या. कोणी त्याबद्दल विचारलं नाही.

त्या डॉक्टरांच्या मनात वाईट काही नव्हतं याची मला खात्री आहे. मला दिलासा द्यावा असंच त्यांना वाटलं असणार. पण तेव्हापासून हाच युक्तिवाद मी वेगवेगळ्या तोंडून इतक्यांदा ऐकला आहे, की त्याला एकदा सलग उत्तर द्यायला हवं असं वाटतं. मूल बोलतं, म्हणजे दिव्यांग नाही. सौम्य आहे, म्हणजे सवलतींना लागणारे चाळीस टक्के होत नाहीत. एवढ्या लहान वयात शिक्का कशाला? बोगस दाखल्यांचा सुळसुळाट झालाय, कडक व्हायलाच हवं. आणि शेवटी, अपील करून काय मिळणार? ही पाचही वाक्यं समंजस वाटतात. पाचही चुकीची आहेत, आणि त्यांचा भार ज्या मुलांवर पडतो त्यांना उलट बोलता येत नाही.

पहिलं बोलण्याचं. ऑटिझमचं मूल्यमापन करायला आपल्याकडे सरकारमान्य मोजपट्टी आहे. तिचं नाव इसा, म्हणजे इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने ती भारतीय मुलांसाठी तयार केली. तिच्यात ४० मुद्दे आहेत आणि ते सहा भागांत विभागले आहेत: इतरांशी नातं व देवाणघेवाण, भावनिक प्रतिसाद, भाषा व संवाद, वागण्यातली पुनरावृत्ती, संवेदना आणि आकलन. भाषेच्या भागात ४० पैकी फक्त नऊ मुद्दे येतात. उरलेल्या ३१ मुद्द्यांचा मूल किती शब्द बोलतं याच्याशी संबंध नाही. नजर मिळवतं का, धोका कळतो का, आवाज-स्पर्श-उजेड सहन होतो का, बदल झाला की कोलमडतं का, स्वतःला इजा करून घेतं का, हे ते मुद्दे विचारतात.

आता त्या नऊ मुद्द्यांकडे जरा नीट बघू. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणणं. तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा बोलणं. ‘मी’च्या जागी ‘तू’ म्हणणं. संभाषण सुरू करता न येणं, सुरू झालेलं टिकवता न येणं. समोरच्याच्या बोलण्यामागचा अर्थ न कळणं. यातल्या बऱ्याच गोष्टी बोलणाऱ्या मुलातच दिसू शकतात. जे मूल एकही शब्द उच्चारत नाही ते ‘मी’ आणि ‘तू’ची अदलाबदल कशी करणार? म्हणजे ज्या बोलण्याकडे बोट दाखवून आम्हाला परत पाठवलं गेलं, ते बोलणं मोजपट्टीच्या दृष्टीने लक्षण होतं. ‘कुठून आलास’ या प्रश्नावर सात स्टेशनांची नावं येतात तेव्हा उत्तर आलेलं नसतं. उत्तराच्या जागी पाठ केलेला आवाज आलेला असतो. हे ओळखणं हेच तर त्या खोलीतलं काम होतं.

शिवाय या मोजपट्टीवरचे गुण दिले जातात ते वारंवारतेनुसार. प्रत्येक मुद्द्याला एक ते पाच गुण. एखादी गोष्ट क्वचित होत असेल तर एक, कधीकधी होत असेल तर दोन, वारंवार होत असेल तर तीन, बहुतेक वेळा होत असेल तर चार आणि जवळजवळ नेहमीच होत असेल तर पाच. ‘क्वचित’ आणि ‘नेहमी’ यांतला फरक पाच मिनिटांत कुणालाही दिसणार नाही, मग तो कितीही अनुभवी असो. म्हणूनच मुलाच्या निरीक्षणाबरोबर पालकांची सविस्तर मुलाखत हा या पद्धतीचा पाया आहे. रात्री किती झोपतो, केस कापताना काय होतं, शाळेची बस उशिरा आली तर काय होतं, अनोळखी माणसाचा हात धरून जाईल का, हे आईबापांना विचारायचं असतं. आम्हाला यातलं एकही विचारलं नाही. जिथे विचारलंच गेलं नाही तिथे मोजलंही गेलं नाही, आणि न मोजता सांगितलेल्या टक्केवारीला आकडा म्हणता येत नाही.

दुसरा मुद्दा सौम्यतेचा. “ऑटिझम आहे, पण माइल्ड आहे. चाळीस टक्क्यांत बसणार नाही.” हे वाक्य मी कारकुनाकडून ऐकलं, नंतर बालरोगतज्ज्ञांकडूनही ऐकलं. आता सरकारने एप्रिल २०१६ मध्ये ऑटिझमच्या मूल्यमापनासाठी अधिसूचित केलेला तक्ता काय सांगतो ते बघा. इसावर किमान ४० आणि कमाल २०० गुण होतात. ७० पेक्षा कमी गुण म्हणजे ऑटिझम नाही. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, १५३ च्या वर तीव्र. आणि टक्केवारी? ७० गुणांना ४० टक्के. ७१ पासून पुढे ५० टक्के, मग ६०, असं वाढत जाऊन १५८ च्या वर १०० टक्के.

हे पुन्हा वाचण्यासारखं आहे. या तक्त्यात ऑटिझमची सुरुवातच ४० टक्क्यांपासून होते. सौम्य ऑटिझम असलेलं मूलही ४० टक्क्यांच्या खाली येत नाही. ‘ऑटिझम आहे पण चाळीस टक्के नाही’ या वाक्याला तिथे रकानाच नाही. तज्ज्ञांनी हा उंबरठा विचार करून ठेवला. सौम्य हा शब्द मध्यम आणि तीव्र यांच्या तुलनेत वापरलेला आहे. शेजारच्या घरातल्या, ऑटिझम नसलेल्या मुलाशी तुलना केली तर ज्याला आपण सौम्य म्हणतो त्या मुलाचा दिवस अजिबात सौम्य नसतो.

मग इतके जाणते डॉक्टर असं का म्हणतात? मला वाटतं, याची मुळं जुन्या कायद्यात आहेत. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते आणि ऑटिझम त्यांत नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ऑटिझमचं नाव घेतलं, पण दाखल्याची वाट मोकळी झाली नाही. त्या वर्षांत ऑटिझम असलेल्या मुलाला दाखला हवा असेल तर ‘मतिमंद’ या रकान्यातून जावं लागे. बुद्ध्यांक काढायचा, तो ७० च्या वर आला की अर्ज संपला. एक अख्खी पिढी या सवयीत तयार झाली. हुशार दिसणारं मूल म्हणजे अपात्र मूल, ही सवय तिथली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा डिसेंबर २०१६ मध्ये संमत झाला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, सातचे २१ प्रकार झाले आणि ऑटिझमला स्वतःचा रकाना मिळाला. कायदा बदलला, सवय मात्र ओपीडीत तशीच बसून राहिली. माझा मुलगा स्टेशनांची नावं घेतो म्हणून नाकारला गेला, तो त्या जुन्या बुद्ध्यांकाच्या चाळणीतून.

तिसरं वाक्य घरातलं आहे, आणि त्याला उत्तर देणं मला सर्वांत जड जातं, कारण ते प्रेमाने म्हटलं जातं. माझ्या सासूबाई म्हणाल्या, “अगं, एवढ्याशा पोरावर सरकारी शिक्का कशाला मारून घेतेस? उद्या सुधारेल.” काही डॉक्टरही हेच म्हणतात, जरा वेगळ्या भाषेत. आणि आता एक नवं रूपही ऐकू येतं: ऑटिझम हा आजार नाही, ते वेगळेपण आहे, मग त्याला दिव्यांगत्व का म्हणायचं?

ज्या आईबापांना दाखला नको वाटतो त्यांच्यावर तो लादला जाऊ नये, हे मला पूर्ण मान्य आहे. तो कपाळावर लावून फिरायचा कागद नाही. घ्यायचा की नाही आणि कुठे दाखवायचा हे त्या कुटुंबाने ठरवावं. पण शिक्का टळतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा शाळेच्या फाटकाबाहेर उभं राहून ऐकावं. दाखला नव्हता तेव्हाही माझ्या मुलावर शिक्के होतेच. हट्टी. आगाऊ. लाडावलेला. ‘आईने मोबाइल देऊन बिघडवला.’ एका शिक्षिकेने त्याला वर्गाबाहेर उभं केलं होतं, कारण प्रार्थनेचा स्पीकर लागला की तो किंचाळायचा. दाखल्याने त्याच्या कानांचं दुखणं कमी झालं नसतं, पण ते उद्धटपणा नव्हे एवढं तरी त्या शाळेला मान्य करावं लागलं असतं. खऱ्या नावाचा कागद नसला की लोक खोटी नावं देतात.

‘सुधारेल’ या आशेला कायद्याने जागा ठेवलेली आहे. २०१७ च्या नियमांनुसार दाखला कायमचा देता येतो, तसाच ठरावीक मुदतीचाही देता येतो. मूल वाढतंय, बदलेल असं वाटतं तर मुदतीचा द्या आणि मुदत संपली की पुन्हा तपासा. उद्या बरं होईल या भरवशावर आजची मदत नाकारायची सोय त्यात कुठेही नाही. थेरपीची वर्षं तर हीच आहेत.

राहिला वेगळेपणाचा मुद्दा. कायद्याची व्याख्या इथे आपल्यापेक्षा शहाणी आहे. दीर्घकालीन उणीव आणि आजूबाजूचे अडथळे एकमेकांना भिडले की समाजात बरोबरीने वावरता येत नाही, त्या स्थितीला कायदा दिव्यांगत्व म्हणतो. माझा मुलगा जसा आहे तसा मला पूर्ण वाटतो. तरीही स्पीकर, गर्दी, घाईत विचारलेले प्रश्न आणि तीन तासांची परीक्षा यांच्यासमोर तो अडतो. वेगळेपण मान्य करायचं आणि अडथळा हटवण्याची सोय मात्र नाकारायची, यात त्याचा काय सन्मान झाला?

आणि ती सोय म्हणजे नेमकं काय, हेही सांगायला हवं, कारण ‘फायदे लाटतात’ हा शब्द याच संदर्भात वापरला जातो. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाच्या सहापासून अठरापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क. दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा, ज्यात थेरपीचा खर्चही येतो. आयकर कायद्यानुसार पालकांना ७५ हजारांची, ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सव्वा लाखाची वजावट, तीही जुनी करप्रणाली निवडली तरच. संजय गांधी निराधार योजनेचं दरमहा अनुदान २०२३ मध्ये हजारावरून दीड हजार झालं, पुढे दिव्यांगांसाठी त्यात आणखी हजाराची वाढ जाहीर झाली. पण त्याला उत्पन्नाची इतकी कमी मर्यादा आहे की महिन्याला पगार येणारं घर त्यात येतच नाही. मोठेपणी सरकारी नोकरीत ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व या सगळ्यांना मिळून एक टक्का जागा. आठवड्याला तीन वेळा स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी करणाऱ्या, नोकरी सोडून मुलामागे राहिलेल्या कुठल्याही आईला विचारा, या यादीत लाटण्यासारखं काय आहे. यातून कोणी श्रीमंत होत नाही. मूल शाळेत टिकतं आणि घर कर्जात जात नाही, एवढंच यातून साधतं.

चौथा युक्तिवाद बोगस दाखल्यांचा. २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या दिव्यांगत्वाच्या दाव्यावरून देशभर गदारोळ झाला, तेव्हापासून या युक्तिवादाला धार आली आहे. खोटा दाखला ही चोरी आहे, आणि ती थेट आमच्या मुलांच्या ताटातली चोरी आहे. तिचा राग आमच्याइतका कुणालाच यायचं कारण नाही. कायद्यात त्यासाठी शिक्षा आहे: फसवून लाभ घेतला तर कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ती शिक्षा व्हायलाच हवी.

पण कडक होणं म्हणजे काय, याचा विचार करू. ज्याला खोटा दाखला हवा असतो तो आठ वाजल्यापासून बाकावर बसत नाही. त्याची ओळख असते, पैसे असतात, मागचं दार ठाऊक असतं. पुढच्या दाराने, कानांवर हात ठेवलेल्या मुलाला घेऊन आलेल्या आईला परत पाठवल्याने त्याचं काहीच बिघडत नाही. खोटेपणा पकडायचा रामबाण उपाय एकच: प्रत्येक मुद्द्याचे गुण लिहिलेली, कोणी तपासलं त्यांच्या सह्या असलेली मूल्यमापनाची पत्रिका. ती असेल तर खोटा दाखला देणाऱ्याला चाळीस ठिकाणी खोटं लिहावं लागेल आणि त्याखाली सही करावी लागेल. तीच पत्रिका असेल तर खऱ्या मुलाला ‘बोलतो की’ म्हणून परत पाठवता येणार नाही. फसवणारा आणि नाकारला गेलेला, दोघांच्याही बाबतीत बिघाड एकाच जागी आहे: तपासणीची नोंद नाही. म्हणून जे बोगस दाखल्यांवर बोलतात त्यांना माझी विनंती आहे, आमच्याबरोबर उभे राहा. नोंद मागण्यात त्यांचं आणि आमचं हित एकच आहे.

तोंडी नकाराचा आणखी एक परिणाम आहे. त्याची मोजदाद होत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, पण तेव्हाच्या यादीत ऑटिझमचा रकाना नव्हता. आमची मुलं त्या गणनेत नावानिशी नाहीत. आता खिडकीवरून ‘टक्क्यात बसत नाही’ एवढं ऐकून परतणारी मुलंही कुठे नोंदली जात नाहीत. मग वर्षाअखेरीस कोणी विचारलं, की किती जणांना नाकारलं, तर उत्तर येतं, तक्रारी नाहीत. कागदच दिला नाही तर तक्रार कशाची करणार?

इथे कायदा अगदी स्पष्ट आहे. कलम ५८ म्हणतं, की तपासणीनंतर प्राधिकाऱ्याने एक तर दाखला द्यावा, नाहीतर दिव्यांगत्व नाही असं लेखी कळवावं. तिसरा मार्ग कायद्यात नाही. नियमांनुसार अपात्र ठरवताना कारणंही द्यावी लागतात, आणि नकार कळवायचा नमुनाही ठरलेला आहे. २०१७ च्या नियमांत दाखल्यासाठी एका महिन्याची मुदत होती. २०२४ च्या दुरुस्तीने ती तीन महिन्यांवर नेली. मुदत वाढवून घेतली आहे, तर तेवढ्या वेळात नीट तपासणी व्हावी ही अपेक्षा जास्त कशी? सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ओंकार गोंड खटल्यात वैद्यकीय प्रवेशाच्या संदर्भात हेच सांगितलं, की नुसत्या टक्क्यावरून माणसाला बाद करता येत नाही आणि मंडळाने अपात्र ठरवलं तर कारणं लिहावीत. प्रश्न तिथे प्रवेशाचा होता, इथे दाखल्याचा आहे. कारण लिहिण्याची शिस्त मात्र दोन्हीकडे तीच असायला हवी. त्याआधी २०२१ मध्ये विकाश कुमार खटल्यात याच न्यायालयाने स्पष्ट केलं होतं, की परीक्षेत लेखनिक मिळायला ४० टक्क्यांची अट घालता येत नाही. म्हणजे एखादं मूल खरोखरच त्या रेषेखाली भरलं, तरी त्याच्या सोयीचा प्रश्न तिथे संपत नाही.

आता शेवटचं, आणि माझ्या मते सर्वांत घातक वाक्य: अपील करून काय मिळणार? “त्याच डॉक्टरांकडे पुन्हा जायचंय, वाकडं कशाला घेता,” असं मला तीन जणांनी सांगितलं. सरकारी दवाखान्यात आपण उपकार मागायला जातो ही भावना आपल्या हाडीमासी खिळलेली आहे. त्यामुळे अपील हा शब्द भांडणासारखा वाटतो. कलम ५९ मध्ये अपिलाची तरतूद मुद्दाम ठेवलेली आहे, कारण पाच मिनिटांत चूक होऊ शकते हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं. चूक दाखवून देणाऱ्या आईला कोर्टकज्जे करणारी समजू नये.

आमचं अपील असं झालं. आधी लेखी नकार मागितला. तो मिळेना, म्हणून माहितीच्या अधिकारात अर्ज केला, की माझ्या मुलाच्या मूल्यमापनात कोणती मोजपट्टी वापरली, किती गुण आले, त्या पत्रिकेची प्रत द्या. या अर्जाला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर आलं, की अशी पत्रिका उपलब्ध नाही. त्या एका ओळीने आमचं निम्मं काम केलं. मग दोन आठवडे मी वही ठेवली: किती वाजता झोपला, किती वेळा मनगट चावलं, कुठल्या आवाजाने काय झालं, कुठला प्रश्न विचारल्यावर कुठलं उत्तर आलं. स्पीच थेरपिस्टचा आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टचा अहवाल जोडला. वर्गशिक्षिकेचं पत्र जोडलं. त्याला बाहेर उभं करणारी हीच ती शिक्षिका, आणि तिने पत्रात जे पाहिलं ते प्रामाणिकपणे लिहिलं. केस कापताना घेतलेला मोबाइलवरचा तीन मिनिटांचा व्हिडिओ दिला. तो दाखवताना मला माझ्या मुलाची लाज काढल्यासारखं वाटलं. दाखल्यासाठी मुलाचा सर्वांत वाईट दिवस अनोळखी लोकांसमोर मांडावा लागतो, आणि या वेदनेबद्दल ‘फायदे लाटतात’ म्हणणाऱ्यांना काहीच माहीत नसतं.

दुसऱ्या तपासणीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत्या. त्यांनी तासभर घेतला. मुलाला कोपऱ्यात बसू दिलं, मला एकेक मुद्दा विचारला. “दुखलं तर सांगतो का?” हा प्रश्न आला तेव्हा मी दाढेची गोष्ट सांगितली. त्यांनी ती लिहून घेतली. महिन्याभराने दाखला आला, ६० टक्क्यांचा. मुलगा तोच होता, शब्दही तेवढेच बोलत होता. स्टेशनांची नावंही त्याने तिथे म्हणून दाखवली. त्या वेळी मात्र कोणीतरी पत्रिकेत लिहिलं: प्रश्नाशी संबंध नसलेलं, पाठ केलेलं बोलणं.

म्हणून अपिलाने काय मिळतं याचं माझं उत्तर साधं आहे. पहिल्या वेळी न झालेली तपासणी मिळते. प्रत्येकाला ६० टक्केच मिळतील असं मी म्हणत नाही. नीट मोजून एखाद्या मुलाचे ७० पेक्षा कमी गुण आले, तर ती पत्रिका हातात घेऊन आईबाप निदान दुसरीकडे विचारायला तरी जाऊ शकतात. अपिलातही ऐकलं नाही तर राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे दाद मागता येते. त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, आणि त्यांनी शिफारस केली तर संबंधित प्राधिकाऱ्याला तीन महिन्यांत काय केलं ते, किंवा का केलं नाही ते, कळवावं लागतं.

महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. त्या विभागाकडे आणि आरोग्य खात्याकडे माझं मागणं नव्या योजनेचं नाही, पैशाचंही नाही. प्रत्येक बोर्डात ऑटिझमच्या तपासणीला प्रशिक्षित सायकॉलॉजिस्ट असावा आणि पालकांच्या मुलाखतीशिवाय कोणतंही मूल नाकारलं जाऊ नये. मोजपट्टीची भरलेली पत्रिका, दाखला मिळो वा न मिळो, प्रत्येक आईबापाला तिथल्या तिथे द्यावी. नकाराच्या कागदावर अपील कुठे आणि किती दिवसांत करायचं हे मराठीत छापलेलं असावं. आणि या मुलांना पाच तास गोंगाटात बसवू नये, वेळ ठरवून बोलवावं. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही.

त्या पहिल्या खोलीतल्या डॉक्टरांना मला एवढंच सांगायचं आहे. सर, पुढच्या बोर्डाला पुन्हा कोणीतरी मुलगा येईल. तो नकाशातली सगळी राज्यं म्हणून दाखवेल, किंवा एसटीचं वेळापत्रक, किंवा एखादी जाहिरात. त्याला म्हणू द्या, छान वाटेल त्याला. तुम्हीही हसा, त्यात वाईट काही नाही. मग त्याच्या आईकडे वळा आणि विचारा, काल रात्री हा किती वाजता झोपला. आणि ती जे सांगेल ते लिहून घ्या.